चष्म्याच्या कार्डावरची शेवटची ओळ

चष्मेवाल्या ताईंचं दुकान इतकं अरुंद होतं की दोन जाड माणसं समोरासमोर आली, तर एकाला चष्मा न घेताच बाहेर पडावं लागे. पुढे काचेचं काउंटर, भिंतीवर फ्रेमच्या रांगा, टोकाला अक्षरांचा तक्ता आणि पडद्यामागे काचेच्या कडा घासायचं यंत्र. दुकान मूळ वडिलांचं. भावाला त्यात गोडी नव्हती, ताईंना होती, म्हणून वडिलांनी फार विचार न करता किल्ली मुलीच्या हातात ठेवली. त्याला आता एकतीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत आसपासच्या चार रस्त्यांवरची नाकं ताईंना पाठ झाली होती. वाटेत कुणी भेटलं तर नाव आठवायला वेळ लागायचा, पण "उजवा दीड, डावा पावणेदोन, आणि डावा कान किंचित खाली" हे मात्र चटकन डोक्यात यायचं.

काच घासून फ्रेममध्ये बसवायला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ गिऱ्हाईक बाकावर बसून राही, आणि बसलेला माणूस बोलल्याशिवाय राहत नाही. ताईही काही तोंडाला कुलूप लावणाऱ्यांतल्या नव्हत्या. पडद्यामागे यंत्र घरघरत असे, आणि त्या घरघरीच्या वर ताईंचा आवाज. पूर्वी विषय साधे असायचे. कुणाची मुलगी कुठे नोकरीला लागली, कुणाच्या गुडघ्याचं काय झालं. पण चार वर्षांपूर्वी घरी एक छोटासा अपघात झाला, आणि ताईंच्या बोलण्याने वेगळंच वळण घेतलं.

अपघात झाला तो टीव्हीच्या रिमोटला. ताईंचे यजमान शाळेची बस चालवतात. त्यांनी हौसेने इंटरनेटवरचा टीव्ही घेतला, आणि तिसऱ्याच दिवशी सासूबाईंनी रिमोटवर कपभर चहा ओतला. सासूबाईंचं म्हणणं, चहा ओतला नाही, तो सांडला. आणि रिमोट तिथे नसता तर सांडलाही नसता. ते काही असो, रिमोटची बाकी बटणं आडमुठी झाली. खाली जायचं आणि निवडायचं, अशी दोनच तेवढी चालत. टीव्ही लावला की यादी घरंगळत खाली जाई आणि एकाच ओळीवर येऊन बसे. तिथे लिहिलेलं असे, माहितीपट.

"अहो, हे काय आहे?" ताईंनी विचारलं.

"बातम्यांची मोठी बहीण असेल," यजमान म्हणाले. "लाव, मला झोप चांगली लागेल."

लागलीच. सहाव्या मिनिटाला ते घोरू लागले. पडद्यावर एक माणूस पूल रंगवत होता. मोठा लोखंडी पूल. या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगवत जायला त्याला चार वर्षं लागत, आणि त्या टोकाला पोचेपर्यंत या टोकाला गंज धरलेला असे. मग तो डबा-ब्रश उचलून पुन्हा पहिल्या खांबाशी यायचा. असं त्याने अठ्ठावीस वर्षं केलं होतं. माहितीपट बनवणाऱ्या बाईने त्याला विचारलं, कंटाळा नाही येत? तो म्हणाला, "लोक म्हणतात तुझं काम संपतच नाही. मी म्हणतो, पूल पडला नाही ना? मग झालं की."

सासूबाईंना एकच चिंता. "याला बायको आहे का? ती दाखवत का नाहीत?"

ताईंना मात्र आपलं दुकान आठवलं. त्यांनी त्या दिवशी सकाळीच एका बाईंचा नंबर तपासला होता. तो दर दोन वर्षांनी बदलत होता आणि दर दोन वर्षांनी ताई नवीन काच घासून देत होत्या. आपणही एक पूलच रंगवतोय, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना एकदम हसू फुटलं. यजमान दचकून जागे झाले. "संपला? छान होता," ते म्हणाले.

नवीन रिमोट यायला तीन आठवडे लागले. तेवढ्यात घरात चौदा माहितीपट बघून झाले. सासूबाईंना प्राणी एकमेकांना खातात ते आवडायचं. ताईंना माणसं आवडायची. नवीन रिमोट आला तेव्हा सगळ्या बटणांनी सगळीकडे जाता येत होतं, पण सासूबाईच म्हणाल्या, "उगीच भटकू नकोस. आपल्या जागी चल."

कार्डाची भानगड सुरू झाली ती निवृत्त हेडमास्तरांमुळे. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. नवीन चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी तक्त्यावरची सगळ्यात खालची, मुंगीएवढी अक्षरंसुद्धा वाचून दाखवली, आणि मग खिन्नपणे बाकावर बसले.

"दिसतंय सगळं, ताई. पण बघायचं काय? टीव्ही लावला की माणसं भांडताना दिसतात. आधी निदान धूसर तरी होती."

ताई तेव्हा नंबराचं कार्ड लिहीत होत्या. उजवा डोळा, डावा डोळा, जवळचं, लांबचं. सगळं लिहून झाल्यावर त्यांनी खाली एक ओळ वाढवली. पुलाच्या माहितीपटाचं नाव, तो कुठे सापडेल ते, आणि पुढे 'घरी, जेवण झाल्यावर, दिवा मंद करून'.

"हे औषध आहे का?" हेडमास्तरांनी विचारलं.

"आठवडाभर घेऊन बघा. फरक पडला नाही तर काच बदलून देते."

पाचव्या दिवशी ते हजर. दोनदा बघून झाला होता. दुसऱ्यांदा बघताना त्यांनी टिपणं काढली होती. चार पानं. आता पुढचा कुठला? ताईंनी त्यांना एका शाळेतल्या वर्गाचा माहितीपट सांगितला. त्यात नऊ-दहा वर्षांच्या मुलांना वर्षभर एकच विषय शिकवतात, वाद कसा घालायचा. दुसऱ्याचं म्हणणं आधी त्याच्याच शब्दांत सांगायचं, त्याने मान डोलावली की मगच आपलं म्हणायचं. हेडमास्तरांनी तो बघितला आणि दुसऱ्या दिवशी एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. एकोणीस वर्षांपूर्वी वर्गात त्या दोघांचा काही वाद झाला होता. "त्या वेळी तुझं बरोबर होतं," हेडमास्तर म्हणाले. विद्यार्थी आता दोन मुलांचा बाप होता. त्याला वाद अजिबात आठवत नव्हता, पण सरांचा आवाज इतका गंभीर होता की त्याने माफ करून टाकलं.

ही गोष्ट हेडमास्तरांनीच सगळीकडे सांगितली, आणि लोक चष्म्याबरोबर शेवटची ओळ मागून घेऊ लागले. काही जण तर नुसता स्क्रू आवळून घ्यायला येत आणि जाता जाता विचारत, "आमच्यासाठी काही?"

ताईंचं एक तंत्र होतं. माणूस बघून नंबर काढतात, तसा त्या माणूस बघून माहितीपट काढत. स्वतः शेवटपर्यंत बघितल्याशिवाय कुणाला सांगायचा नाही, हा पहिला नियम. त्यांच्या वहीत प्रत्येकापुढे शेरा असे. 'जेवताना बघू नये.' 'सुरुवातीची वीस मिनिटं धीर धरावा.' 'नवऱ्याबरोबर बघू नये, किंवा मुद्दाम बघावा.' टाकून दिलेले कपडे कुठे जातात, त्यांचे डोंगर कसे उभे राहतात, त्याचा माहितीपट त्यांनी शिंपीमामांना सांगितला. तिसऱ्या दिवशी शिंपीमामांनी दुकानाबाहेर पाटी लावली, 'फाटलेलं आणा, उसवलेलं आणा, लाजू नका.' वीज कचेरीतल्या एका कारकून बाईंना त्यांनी दोन बहिणींचा माहितीपट दिला. दोघी मिळून नदीवर होडी चालवतात आणि अकरा वर्षं एकमेकींशी फक्त 'सोड' आणि 'धर' एवढंच बोलतात. कारकून बाई चष्म्याचा स्क्रू आवळून घ्यायला आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. "नंबर नीट आहे ना?" ताईंनी घाबरून विचारलं. "नंबर नीट आहे," त्या म्हणाल्या. "काल बहिणीला फोन केला. दोन तास बोललो. त्यातला पाऊण तास भांडलोच, पण बोललो."

अशा गोष्टी कानावर आल्या की माणूस थोडा फुगतोच. ताईही फुगल्या. यजमान म्हणायचे, "तुझ्या दुकानाची पाटी बदलून घे. वर लिही, डोळे उघडून मिळतील." ताई लटकं रागवायच्या, पण मनातून त्यांना ते वाक्य आवडलं होतं.

आणि नेमका तेव्हाच त्यांच्या हाती पावाचा माहितीपट लागला.

फार देखणा होता तो. एका प्रचंड कारखान्यात पाव कसा बनतो ते त्यात दाखवलं होतं. पट्ट्यावरून पळणारं पीठ, नळ्यांतून पडणाऱ्या पावडरी, पावाच्या पिशवीवर मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत छापलेली बत्तीस जिनसांची नावं. शेवटी एक म्हातारी खिडकीशी उभी राहून हाताने पीठ मळते, तिच्या पिठावर ऊन पडतं आणि पडदा हलतो. ताईंनी तो बघितला आणि दुसऱ्या दिवसापासून सपाटाच लावला. महिनाभरात चाळीसएक कार्डांवर तीच ओळ. माणूस कोण, त्याचा स्वभाव काय, हे बघायचंही त्यांनी सोडून दिलं. हे सगळ्यांनीच बघायला हवं, असं त्यांचं मत झालं होतं.

एका दुपारी दुकानाचं दार ढकलून बेकरीवाला आत आला. त्याची बेकरी त्याच रस्त्यावर, सात दुकानं सोडून. कोपरापर्यंत पीठ, कपाळाला बांधलेलं फडकं आणि दोन्ही हातांत पावांनी भरलेला ट्रे. त्याने तो ट्रे काउंटरवर, फ्रेमच्या डब्यांच्या शेजारी ठेवला.

"घ्या ताई. उरलेत."

"एवढे?"

"रोज उरतात आजकाल. तुमच्या कृपेने." तो चिडलेला होता, पण त्याचा आवाज चढत नव्हता, चिडायची सवय नसलेल्या माणसाचं तसंच होतं. "लोक दुकानात येतात, खिशातून तुमच्याकडचा नवीन चष्मा काढतात, आणि मला विचारतात, यात काय काय घातलंय? बत्तीस गोष्टी आहेत म्हणे. एका बाईने तर पाव नाकाशी धरून हुंगला आणि परत ठेवला. वीस वर्षांचं गिऱ्हाईक, ताई!"

"अहो, पण तो माहितीपट कारखान्याचा आहे. तुमच्याबद्दल नाही काही."

"ते तुम्ही कार्डावर लिहिलंत का?"

ताई हातातलं कार्ड उलटसुलट करू लागल्या.

"तुम्ही माझा पाव किती वर्षं खाताय?" बेकरीवाल्याने विचारलं.

"बावीस."

"बावीस वर्षांत कधी आत येऊन बघितलंत, मी काय घालतो ते? ती कुठली लांबची बाई कॅमेरा घेऊन कुठल्या कारखान्यात गेली, ते तुम्हाला ठाऊक. आणि सात दुकानं सोडून मी काय करतो, ते नाही ठाऊक."

बाकावर बसलेलं गिऱ्हाईक उगीचच भिंतीवरच्या फ्रेम बघू लागलं. ताईंच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्यांना चार-पाच उत्तरं सुचली, पण एकही खरं नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, "चुकलं माझं, भाऊ. आता येऊ का बघायला?"

ताई एवढ्या लवकर माफी मागतील अशी बेकरीवाल्याची अपेक्षा नव्हती. घरून तो बरंच काही ठरवून आला असावा, ते सगळं वायाच गेलं. "उद्या दुपारी दोनला या," तो पुटपुटला. "संध्याकाळच्या भट्टीचं पीठ तेव्हा मळतो. आणि हे पाव फुकट घालवू नका हं, खा."

दुसऱ्या दिवशी ताईंनी दुकानाला दुपारी कुलूप लावलं. सासूबाईही बरोबर निघाल्या. सुनेला बेकरीवाला काय बोलतो ते ऐकायची संधी त्या सोडणार नव्हत्या.

बेकरीच्या मागच्या खोलीत शिरताच ताईंचा चष्मा वाफेने पांढरा झाला. पुसून बघतात तर समोर पीठ मळायचं यंत्र आणि त्याच्या कढईत वळणारा पिठाचा गोळा. बेकरीवाल्याची बायको साच्यांना तेलाचा हात लावत होती. तिची बोटं इतकी भराभर चालत की डोळा मागे राही. बेकरीवाल्याने एकेक गोष्ट दाखवली. पीठ, पाणी, मीठ, यीस्ट, थोडी साखर, थोडं तेल. मग त्याने फळीवरून एक पत्र्याचा डबा खाली काढला आणि स्वतःच झाकण उघडलं. आत पांढरी पावडर होती.

"आणि ही. तुमचा माहितीपट खोटं नाही बोलत. पोत्याला एक चमचा मीही घालतो."

ताई चमकल्या. "काल तर तुम्ही..."

"काल मी चिडलो होतो. यात काही आहे की नाही, ते कुठे बोललो? मी म्हणालो, मला विचारलं का नाही." त्याने झाकण लावलं. "ही घातली की पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. पूर्वी नव्हतो घालत. मग लोक दुकानात येऊन पाव अंगठ्याने दाबून बघायला लागले. असा." त्याने एका पावावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि हळूच भरून आला. "असा वर आला तर घेतात. नाही आला तर कालचा म्हणून ठेवून देतात. सकाळचा असला तरी. तुमच्या माहितीपटात हा अंगठा दाखवलाय का?"

ताईंनी आठवून बघितलं. कारखाना होता, पावडरी होत्या, म्हातारी होती. अंगठा कुठेच नव्हता. आणि त्यांना हेही आठवलं की बावीस वर्षं त्या स्वतःही पाव दाबूनच घेत आल्या होत्या.

"मीही दाबते," त्या म्हणाल्या.

"तुम्ही तर दोन्ही अंगठ्यांनी दाबता," बेकरीवाल्याची बायको साच्यातून मान वर न काढता म्हणाली. "आम्ही तुम्हाला घरी दोन अंगठेवाल्या ताई म्हणतो."

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना पिठाच्या पोत्यावर बसवावं लागलं.

त्या दुपारी ताईंनी कोपरापर्यंत हात पिठात घातले. वळलेले पाव साच्यात ठेवले. त्यांनी ठेवलेले चार तिरके झाले, ते बेकरीवालीने मुकाट्याने सरळ केले. संध्याकाळी परतताना त्यांच्या डोक्यात ती चाळीस कार्डंच होती. कार्डं परत मागवणं शक्य नव्हतं. ज्यांनी बघितलं त्यांनी बघितलं होतं. शिवाय माहितीपट वाईट होता असं त्यांना आताही वाटत नव्हतं. वाटत होतं ते एवढंच की तो अर्धा होता, आणि आपण तो पुरा म्हणून वाटला.

त्यांनी दुकानाच्या काचेवर आतून एक कागद चिकटवला. 'ज्यांनी ज्यांनी पावाचा माहितीपट बघितला, त्यांनी रविवारी दुपारी चार वाजता आमच्या घरी यावं. राहिलेला भाग बेकरीवाले सांगणार आहेत.'

"राहिलेला भाग?" बेकरीवाला धावतच आला. "ताई, मला बोलता येत नाही चार माणसांत."

"काल माझ्याशी तर छान बोललात."

"ते रागात."

"मग वहिनींना सांगते, निघायच्या आधी तुम्हाला थोडं चिडवून आणायला."

रविवारी सात जण मावतील अशा दिवाणखान्यात सतरा जण बसले. हेडमास्तर पहिल्या रांगेत, वही घेऊन. शिंपीमामा, कारकून बाई, दाराशी उभी राहिलेली अनोळखी माणसं. यजमानांनी बसमधली जादा गादी काढून आणली होती. माहितीपट सुरू झाला. दहाव्या मिनिटाला बेकरीवाल्याला राहवेना. "थांबवा, थांबवा!" ताईंनी थांबवलं. "हे बघा, हे पाव वळायचं यंत्र. हे चांगलं आहे. याला नावं ठेवू नका. माझ्याकडे असतं तर माझे खांदे वाचले असते." पुन्हा सुरू. पुन्हा "थांबवा!" सत्तर मिनिटांचा माहितीपट अडीच तास चालला. बोलता न येणारा माणूस थांबायचं नाव घेईना.

शेवटी ती खिडकीशी मळणारी म्हातारी आली. तेव्हा बेकरीवालीने पहिल्यांदा हात वर केला.

"ही आजी दिवसाला किती पाव करत असेल?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. हेडमास्तर अंदाजाने म्हणाले, "सहा?"

"आम्ही सहाशे करतो. तिच्या पिठावर ऊन पडतंय, छान दिसतंय. आमच्या पिठावर घाम पडू नये म्हणून मी ह्यांच्या कपाळाला फडकं बांधते. तेही दाखवायला हवं होतं कुणीतरी. बाकी आजी गोड आहे, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही."

खोलीत हशा पिकला, आणि मग जो वाद पेटला तो विचारू नका. एक म्हणे, पावडर बंदच करायला हवी. दुसरा म्हणे, मग सकाळी ताजा आणायला तू उठणार का? कारकून बाई म्हणाल्या, मऊ पाव आपल्यालाच हवा आणि शुद्धही आपल्यालाच हवा. हेडमास्तर मधे उभे राहून सांगत होते, "आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्या शब्दांत सांगा, मग आपलं!" त्यांचं कुणी ऐकलं नाही, पण त्यांना आनंद झालेला स्पष्ट दिसत होता.

या वादातून एक गोष्ट निघाली. बेकरीवाल्याने पावडरीविना पाव करून बघायचं कबूल केलं. बुधवारी त्याने दोन्ही प्रकारचे पाव ताईंच्या दुकानात आणून ठेवले. चवीला बिनपावडरीचा सरस, यावर सगळ्यांचं एकमत झालं. दुसऱ्या दिवशी तोच पाव सासूबाईंपुढे ठेवला. सासूबाईंच्या तोंडात कवळी. त्यांनी एक घास घेतला, थोडा वेळ झुंज दिली आणि म्हणाल्या, "पावडर नाही ते बरं झालं. आता सिमेंट कुणी घातलं तेवढं शोधा."

तेव्हा पूर्ण विजय कुणाचाच झाला नाही. बेकरीवाला आता बुधवारी आणि शनिवारी पावडरीविना भट्टी लावतो. त्या दिवशी दाराशी पाटी असते, 'आजचा आजच खा. दाबू नका.' बाकीच्या दिवशी पूर्वीसारखाच पाव मिळतो आणि सासूबाई तोच खातात. हुंगून परत ठेवणारी ती बाई पुन्हा येऊ लागली, बुधवारचीच. डब्यात काय आहे असं कुणी विचारलं तर बेकरीवाला डबा खाली काढून दाखवतो. बहुतेक लोक झाकण उघडायच्या आधीच "राहू दे, राहू दे" म्हणतात. त्याला ते फारसं आवडत नाही. दाखवायची त्याला चटक लागली आहे.

ताईंचंही थोडं बदललं. कार्डावरची शेवटची ओळ त्यांनी सोडली नाही, उलट ती लांबली. आधी नुसतं काय बघायचं ते लिहीत, आता कुणाबरोबर बघायचं तेही लिहितात. नळांच्या पाण्याचा माहितीपट असेल तर 'प्लंबरला बोलवावं, चहा द्यावा, त्याला मधे थांबवू द्यावं.' आणि वहीत एक नवा रकाना आला आहे, 'यात कोण दिसलं नाही?' तो रकाना भरायला त्यांना माहितीपट बघण्याइतकाच वेळ लागतो. कधी कधी भरताच येत नाही, मग त्या कुणाला तरी विचारायला निघतात. दुकानाच्या दाराला 'दहा मिनिटांत येते' अशी पाटी लटकलेली दिसली की लोक समजतात, ताई कुणाच्या तरी कामात डोकावायला गेल्या आहेत. दहा मिनिटांचा कधीकधी तास होतो.

रविवारच्या बैठकीची सवय मात्र पडली ती पडलीच. प्लंबर आला आणि सगळ्यांच्या घरातल्या गळतीची कारणं सांगून गेला. शिंपीमामांनी कपड्यांच्या डोंगराचा माहितीपट लावून, तो थांबवून ठेवूनच, एका बाहीवर अर्धा तास व्याख्यान दिलं. सासूबाईंच्या आग्रहावरून एकदा प्राणीसुद्धा झाले, पण हरणाची बाजू मांडायला कुणी मिळेना.

मागच्या महिन्यात टपालवाल्या बाई दुकानात आल्या. बावन्न-त्रेपन्नच्या, उन्हाने रापलेल्या, वाचायचा पहिलाच चष्मा करायला. पत्ते आता दुरून वाचावे लागतात, त्या म्हणाल्या, हात पुरत नाही. नंबर निघाला, फ्रेम ठरली. यंत्राची घरघर सुरू झाल्यावर त्यांनी पडद्याकडे बघत विचारलं, "ताई, आमच्या टपालावर आहे का हो एखादा? मला आमच्या घरच्यांना दाखवायचाय. त्यांना वाटतं, मी दिवसभर नुसती फिरते."

ताईंनी वही काढली. पूल होता, पाव होता, होडी होती. टपालाचं एकही पान नव्हतं. त्या दिवशी दुकान बंद केल्यावर त्यांनी टीव्हीवरची सगळी यादी खालपासून वरपर्यंत धुंडाळली. तिकिटं जमवणाऱ्यांचा एक सापडला, पण त्यात पत्र घरी पोचवणारं माणूसच नव्हतं.

"नाही मिळाला," दुसऱ्या दिवशी टपाल द्यायला आलेल्या टपालवाल्या बाईंना त्यांनी सांगितलं. "पण तुम्ही रविवारी या तरी. घरच्यांना घेऊन या."

त्या आल्या. नवरा, दोन मुली, आणि पायात कामाचेच बूट. बसल्या बसल्या कुणीतरी सहज विचारलं, कुत्रा चावला का कधी? त्यांनी पायाचा घोटा दाखवला, आणि मग तिथून जी सुरुवात झाली ती साडेसहापर्यंत. कुठल्या घरी पत्र दाराखालून सरकवायचं आणि कुठल्या घरी हातातच द्यायचं, कारण त्या म्हाताऱ्याशी दिवसभरात दुसरं कुणी बोलत नाही. चुकीच्या पत्त्यावरचं पाकीट त्यांनी तीन घरांत विचारत विचारत कसं पोचवलं. नोकरीचं पत्र उघडताना एक मुलगी त्यांच्याच गळ्यात कशी पडली. धाकटी मुलगी आईकडे अशी बघत होती जणू या बाईची तिला आत्ताच कुणीतरी ओळख करून दिली आहे. नवरा मधूनच म्हणायचा, "हे तू मला कधी सांगितलंच नाहीस," आणि त्या म्हणायच्या, "तुम्ही कधी विचारलंत?"

चहाचे कप गोळा करताना ताईंच्या लक्षात आलं की त्या दिवशी टीव्ही कुणी लावलाच नव्हता.